स्वॉचचा कॉल आणि ब्लूमबर्गचे टर्मिनल: कॉनकॉलमधल्या शब्दांवर मालकी कोणाची?

तिमाही निकालांचा हंगाम सुरू झाला की गुंतवणूकदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्राम गटांवर पीडीएफची रांग लागते. कोणी कॉनकॉलची, म्हणजे निकालांवर कंपनीचे व्यवस्थापन विश्लेषकांशी फोनवर बोलते त्या कॉन्फरन्स कॉलची, ट्रान्स्क्रिप्ट (बोलण्याची लिखित प्रत) टाकतो, कोणी दहा ओळींचे टिपण, तर कोणी थेट ऑडिओची लिंक. मधेच एखादा सभासद विचारतो, ‘अरे, हे असे पुढे पाठवलेले चालते का?’ त्यावर अंगठे येतात, उत्तर येत नाही.

या प्रश्नाचा न्यायालयात पुरता कीस निघालेले एक प्रकरण आहे. एका बाजूला स्वित्झर्लंडची घड्याळ कंपनी, दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कची आर्थिक माहिती विकणारी कंपनी आणि मधे एक टेलिफोन कॉल. प्रकरण अमेरिकेतले असले तरी त्यातला मूळ पेच आपल्याकडच्या रिटेल गुंतवणूकदाराच्या रोजच्या व्यवहाराला भिडतो, म्हणून ते सविस्तर मांडतो.

काय घडले

8 फेब्रुवारी 2011 रोजी स्वॉच समूहाने 2010 या वर्षाचे निकाल जाहीर केले. ओमेगा, लाँजिन, टिसॉ, ब्रेगे अशी स्वस्तापासून अतिमहागापर्यंतची घड्याळे या एकाच समूहाची. वर्ष जोरात गेले होते. विक्री सहा अब्ज स्विस फ्रँकांच्या वर आणि निव्वळ नफा एक अब्जाच्या वर. निकालाचे पत्रक कंपनीने आधी सर्वांसाठी खुले केले आणि त्याच दिवशी विश्लेषकांसाठी कॉन्फरन्स कॉल ठेवला. कंपनीच्या यादीतल्या तीनशेहून अधिक विश्लेषकांना आमंत्रण होते, त्यातले शंभरावर प्रत्यक्ष लाइनवर आले. पत्रकारांना आमंत्रण नव्हते, ब्लूमबर्गलाही नव्हते.

कॉल सुरू होताना ऑपरेटरने सूचना दिली की प्रकाशनासाठी किंवा प्रसारणासाठी हा कॉल रेकॉर्ड करायचा नाही. कंपनीने स्वतः मात्र तो रेकॉर्ड करून घेतला. पुढच्या सगळ्या खटल्याचा पाया हे रेकॉर्डिंगच ठरले, कारण अमेरिकी कायद्यात नुसत्या तोंडच्या बोलण्यावर कॉपीराइट मिळत नाही. ते बोलणे कुठेतरी नोंदले जावे लागते आणि ती नोंद वक्त्याच्या संमतीने झालेली असावी लागते.

ब्लूमबर्गने कॉलचा ऑडिओ मिळवला, ट्रान्स्क्रिप्ट तयार करवून घेतली आणि कॉल संपल्यावर थोड्याच वेळात दोन्ही ‘ब्लूमबर्ग प्रोफेशनल’ या आपल्या सेवेवर चढवले. ही सेवा म्हणजे बँका, फंड आणि ब्रोकर यांच्या टेबलांवर असते ते टर्मिनल, ज्याची वर्गणी वर्षाला हजारो डॉलर पडते. स्वॉचने हे काढून टाका असे कळवले, ब्लूमबर्गने काढले नाही. त्याच महिन्यात स्वॉचच्या एका उपकंपनीने न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात कॉपीराइटभंगाचा दावा लावला.

स्वॉचने नियम मोडला होता का?

हा प्रश्न आधी निकालात काढला पाहिजे. नाहीतर ‘बड्या विश्लेषकांना गुपचूप सांगणारी कंपनी विरुद्ध सत्य उघड करणारी वृत्तसंस्था’ असे सोयीचे चित्र उभे राहते, आणि ते चुकीचे आहे.

अमेरिकेत 2000 सालापर्यंत कंपन्या निकालानंतरचे कॉल सर्रास निवडक विश्लेषकांपुरते ठेवत. सामान्य भागधारकाला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात जे येईल त्यावर समाधान मानावे लागे, आणि तोवर भाव हललेला असे. अमेरिकेच्या बाजार नियामकाने, म्हणजे एसईसीने, हे बदलण्यासाठी ‘रेग्युलेशन एफडी’ आणले. मसुद्यावर सुमारे 6,000 पत्रे आली आणि त्यातली बहुतांश सामान्य गुंतवणूकदारांची होती. बाजाराच्या नियमावलीसारख्या रूक्ष विषयावर इतक्या लोकांनी लेखणी उचलावी हे त्या काळात नवलच होते. 23 ऑक्टोबर 2000 पासून नियम लागू झाला. महत्त्वाची माहिती काहींना द्यायची तर ती सर्वांनाच द्यायची, हा त्याचा गाभा. त्यानंतर निकालाचे कॉल इंटरनेटवरून सर्वांना ऐकू येऊ लागले.

पण हा नियम परदेशी कंपन्यांना लागू नाही. स्वॉचचा शेअर झुरिकच्या बाजारात चालतो, अमेरिकेत नोंदलेला नाही. आकडे आधी सर्वांसाठी जाहीर केले आणि मग विश्लेषकांशी बोलणे केले, तर स्विस बाजाराच्या नियमांत त्याला आडकाठी नव्हती. म्हणजे कंपनीची बाजू नियमात चोख होती. तरीही ती हरली, आणि प्रकरण वाचनीय आहे ते त्यामुळेच.

न्यायालयासमोर

ब्लूमबर्गची मुख्य ढाल होती ‘फेअर यूज’, म्हणजे मालकाच्या परवानगीविना उचित वापर करण्याची सवलत. अमेरिकी कायद्यात ही सवलत चार कसोट्यांवर तपासतात: वापराचा हेतू काय, मूळ कृती कोणत्या जातीची, किती भाग उचलला आणि मूळ मालकाच्या बाजारपेठेवर परिणाम काय झाला. जिल्हा न्यायाधीश अल्विन हेलरस्टाइन यांनी मे 2012 मध्ये ब्लूमबर्गच्या बाजूने निकाल दिला. ब्लूमबर्गने तसा अर्ज केलेला नसताना त्यांनी तो स्वतःहून दिला. पुराव्यांची देवाणघेवाण पुरी होण्याआधीच निकाल लागला, अशी स्वॉचची अपिलात तक्रार होती. सेकंड सर्किट अपील न्यायालयाने 27 जानेवारी 2014 रोजी खालचा निकाल कायम केला आणि त्याच वर्षी मे महिन्यात आपले निकालपत्र थोडे दुरुस्त करून पुन्हा दिले. ते लिहिले होते मुख्य न्यायाधीश रॉबर्ट कॅट्झमन यांनी.

पहिली कसोटी हेतूची. स्वॉचचे म्हणणे असे की ब्लूमबर्गने यात स्वतःचे काहीच घातले नाही. ना टीका, ना विश्लेषण, ना बातमी. ऑडिओ जसाच्या तसा उचलला आणि पैसे देणाऱ्या ग्राहकांपुढे ठेवला. वर, कॉल रेकॉर्ड करू नका असे सांगितलेले असताना तो आडवाटेने मिळवला. ऐकताना हा युक्तिवाद बिनतोड वाटतो.

न्यायालयाने तो वेगळ्या बाजूने पाहिला. याला वृत्तांकन म्हणा, माहिती पोचवणे म्हणा की आणखी काही, नावाने फरक पडत नाही, असे त्यांनी म्हटले. महत्त्वाची आर्थिक माहिती गुंतवणूकदारांपर्यंत पोचवणे हा सार्वजनिक हेतू आहे आणि तो साधायचा तर कधीकधी मूळ शब्द जसेच्या तसेच द्यावे लागतात. एखाद्या कवितेची नक्कल करणाऱ्याने त्यात स्वतःचे काही घालावे अशी अपेक्षा ठीक आहे. पण कंपनीचा सीईओ नफ्याच्या मार्जिनबद्दल काय म्हणाला हे सांगताना ‘स्वतःचे काही’ घातले, तर ती चूकच ठरेल.

इथे न्यायालयाने एक निरीक्षण नोंदवले, आणि गुंतवणूकदाराने ते नीट लक्षात ठेवावे. वक्त्याचा आविर्भाव, स्वर आणि बोलण्याची लय यांतून त्याला खरोखर काय वाटते ते जितके कळते, तितके शिळ्या ट्रान्स्क्रिप्टमधून किंवा सारांशातून कळत नाही. ब्लूमबर्गने नुसते लिखित रूप न देता ऑडिओही दिला, त्याचे समर्थन यातूनच झाले.

ज्यांना हे पुस्तकी वाटते त्यांनी एन्रॉन ही अमेरिकेतली ऊर्जा कंपनी आठवावी. 17 एप्रिल 2001 च्या कॉलवर एका फंडाच्या माणसाने तक्रार केली की निकालाबरोबर ताळेबंद न देणारी आर्थिक कंपनी तुम्ही एकटेच आहात. सीईओ जेफ्री स्किलिंग यांनी त्याचे आभार मानले आणि त्याच दमात त्याला शिवी हासडली, सगळ्या लाइनवर ऐकू जाईल अशी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉनने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या कॉलचे गुळगुळीत टिपण कोणी काढले असते तर ‘ताळेबंदाबाबत विचारणा झाली, व्यवस्थापनाने आभार मानले’ एवढेच उरले असते.

आता उरला आडवाटेचा मुद्दा. ब्लूमबर्गला आपण बिनबोलावलेले आहोत हे माहीत होते असे न्यायालयाने गृहीत धरले आणि तरीही त्याला फार वजन दिले नाही. व्यापारी हेतूचेही तसेच. ब्लूमबर्ग नफ्यासाठी चालते हे खरे, पण नफ्यासाठी तर वर्तमानपत्रेही चालतात.

दुसरी आणि तिसरी कसोटी पटकन उरकता येतात. कॉलचा मजकूर वस्तुस्थितीचा होता, कल्पनेचा नव्हता. कायद्याच्या काटेकोर व्याख्येत तो अप्रकाशित असला तरी शंभरावर लोकांनी तो त्याच दिवशी ऐकला होता. कॉल पूर्णच्या पूर्ण उचलला हे ब्लूमबर्गच्या विरोधात जाऊ शकले असते, पण हेतू साधायला पूर्णच लागत होता. त्यामुळे ती कसोटी कुणाच्याच पारड्यात पडली नाही.

निकालाचा खरा कणा मला चौथ्या कसोटीत दिसतो. स्वॉच हे रेकॉर्डिंग विकणार होती का? नाही. कोणाला परवाना देणार होती का? नाही. कॉल ठेवण्यामागे रेकॉर्डिंगमधून कमाई करण्याचा विचार कुठेच नव्हता. मग ब्लूमबर्गने ते वाटल्याने स्वॉचच्या कोणत्या उत्पन्नाला धक्का लागला? कॉपीराइट हा निर्मात्याला निर्मितीचा मोबदला मिळावा म्हणून दिलेला हक्क आहे. आपले बोलणे कोणाच्या कानावर जावे यावर पहारा ठेवण्यासाठी तो दिलेला नाही.

याची उलट बाजू 1985 च्या एका निकालात आहे. माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या आठवणींचे पुस्तक यायचे होते. त्यातला उतारा आधी छापण्यासाठी ‘टाइम’ साप्ताहिकाने 25,000 डॉलरांचा करार केला होता आणि निम्मे पैसे आगाऊ दिले होते. ‘द नेशन’ या दुसऱ्या नियतकालिकाने चोरवाटेने मिळालेल्या हस्तलिखितातले सुमारे 300 शब्द आधीच छापले. ‘टाइम’ने उरलेले 12,500 डॉलर दिले नाहीत. सर्वोच्च न्यायालय ‘द नेशन’च्या विरोधात गेले. तिथे 300 शब्द जड गेले आणि इथे अख्खा कॉल पचला. किती उचलले यापेक्षा कोणाचे काय बुडाले, हा प्रश्न जास्त निर्णायक ठरला.

जिंकले कोण?

वरवर पाहता पारदर्शकता जिंकली. मला मात्र या निकालाचे कौतुक हातचे राखूनच करावेसे वाटते.

स्वॉचचा एखादा छोटा भागधारक, पाच-पन्नास शेअर घेऊन बसलेला, त्याला या खटल्यातून काय मिळाले? आधी तो कॉल शंभरावर विश्लेषकांना ऐकायला मिळत होता. आता तो त्यांच्याबरोबर टर्मिनलवाल्यांनाही मिळू लागला. हजारो डॉलरांचे कुंपण जागेवरच राहिले, फक्त त्याचा मालक बदलला. शिवाय हा निकाल कंपनीला काहीही करायला भाग पाडत नाही. बाहेर आलेली गोष्ट पुढे देणाऱ्याला तो संरक्षण देतो. उद्या कंपनीने कॉलच ठेवला नाही, किंवा रेकॉर्डिंगच केले नाही, तर या निकालाला धरायला काही उरत नाही.

दुसरी गोष्ट अशी की फेअर यूज ही ढाल आहे, परवाना नव्हे. ती वापरायची वेळ येते खटला लागल्यावर. ब्लूमबर्गकडे तीन वर्षे वकील पोसायची ऐपत होती. रात्री जेवणानंतर ट्रान्स्क्रिप्ट पुढे पाठवणाऱ्या माणसाकडे ती नसते. म्हणून अमेरिकेतल्या छोट्या गुंतवणूकदारांचा रोजचा व्यवहार न्यायालयाच्या निकालापेक्षा सेवा देणाऱ्यांच्या अटींवर चालत आला. ‘सीकिंग अल्फा’ या गुंतवणूकदारांसाठीच्या संकेतस्थळाने हजारो कंपन्यांच्या कॉलच्या ट्रान्स्क्रिप्ट्स वाचकांपुढे ठेवल्या, पण त्यांच्या धोरणात मर्यादा घातली की श्रेय आणि दुवा देऊन 400 शब्दांपर्यंत उद्धृत करा, त्यापुढे नाही. त्यांचा दावा सीईओच्या शब्दांपेक्षा त्यामागच्या श्रमांवर आहे, कारण ऐकून, टंकून, तपासून ती प्रत त्यांनी तयार केलेली असते. आणि चौथ्या कसोटीकडे पुन्हा पाहिले तर त्यांची बाजू स्वॉचपेक्षा बळकट आहे, कारण त्यांचा तो धंदाच आहे. अख्खी प्रत बाहेर फिरली तर त्यांचे गिऱ्हाईक तुटते.

आपल्या गटांवर हा फरक कोणी करत नाही. कंपनीने जाहीर केलेली ट्रान्स्क्रिप्ट आणि पैसे भरून घेतलेल्या एखाद्या सेवेची ट्रान्स्क्रिप्ट दोन्ही ‘पीडीएफ’ म्हणूनच फिरतात. पहिली पाठवणाऱ्याला फारशी चिंता नाही. दुसरी अख्खी पाठवणारा, विशेषतः पैसे घेऊन चालवलेल्या गटावर, ‘द नेशन’च्या जागी उभा आहे.

मुंबईत हाच पेच कसा सुटला

भारतात या वादाला वेगळीच वाट मिळाली आणि ती कोर्टातून गेली नाही. आपल्या कायद्यात अमेरिकेसारखी चार कसोट्यांची मोकळी सवलत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये उचित वापराचे हेतू ठरवून दिले आहेत: खासगी वापर व संशोधन, टीका किंवा परीक्षण, चालू घडामोडींचे वृत्तांकन आणि अशाच काही बाबी. ‘अख्खा कॉल, जसाच्या तसा, सार्वजनिक हितासाठी’ असे इथे मांडायला गेले असते तर ते वृत्तांकनाच्या चौकटीत बसवण्याची कसरत करावी लागली असती.

ती वेळच आली नाही, कारण आपल्या बाजार नियामकाने, म्हणजे सेबीने, कंपनीलाच दार उघडायला लावले. 2015 च्या इनसायडर ट्रेडिंग (आतल्या माहितीवर होणारे व्यवहार) रोखणाऱ्या नियमांमध्ये विश्लेषकांशी झालेल्या बैठकांच्या ट्रान्स्क्रिप्ट्स किंवा नोंदी कंपनीने संकेतस्थळावर ठेवण्याची चांगली प्रथा पाडावी, अशा अर्थाचे तत्त्व होते. पण प्रथा म्हटली की पाळणारे पाळतात. काही कंपन्या नेमाने ट्रान्स्क्रिप्ट टाकत, काही महिन्याभराने टाकत, काही कधीच नाही. कॉलला जोडून देणारा डायल-इन क्रमांक मिळवून कामाच्या वेळेत ऑफिसच्या जिन्यात उभे राहून कॉल ऐकायचा आणि रात्री टिपणे करून इतरांना द्यायची, ही अनेक गटांची रीत होती. अनोळखी माणसांसाठी कोणी इतके फुकट काम करावे, ही रिटेल गुंतवणूकदारांच्या जगातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

5 मे 2021 रोजी सेबीने लिस्टिंग नियमांत, म्हणजे एलओडीआरमध्ये, दुरुस्ती केली. तिमाही निकालानंतरच्या कॉलचे ऑडिओ किंवा व्हिडिओ रेकॉर्डिंग पुढचा व्यवहाराचा दिवस उजाडण्याआधी किंवा 24 तासांत, यांतले जे आधी येईल तोवर कंपनीच्या संकेतस्थळावर आणि शेअर बाजारांकडे द्यायचे. ट्रान्स्क्रिप्ट पाच कामकाजाच्या दिवसांत. 1 एप्रिल 2021 पासून ऐच्छिक आणि 1 एप्रिल 2022 पासून बंधनकारक. परिशिष्टातले हे पोटकलम स्वॉचच्या निकालासारखे गाजले नाही, पण सांगलीत बसलेल्या भागधारकाला त्याने जे दिले ते झुरिकच्या भागधारकाला त्या खटल्याने दिले नाही.

कॉलची भाषासुद्धा उलटी झाली. स्वॉचच्या कॉलवर ऑपरेटर रेकॉर्ड करू नका म्हणत होता. आपल्याकडची कोणतीही ट्रान्स्क्रिप्ट उघडा, पहिल्या परिच्छेदात ऑपरेटर सांगतो की सर्व सहभागींच्या लाइन फक्त ऐकण्यासाठी आहेत, प्रश्नासाठी अमुक बटण दाबा, आणि हा कॉल रेकॉर्ड होत आहे.

आता पाठवायचे काय?

बाजाराकडे दाखल झालेली ट्रान्स्क्रिप्ट पुढे पाठवणे हा माझ्या मते वादाचा विषय राहिलेला नाही. जे सर्वांनी वाचावे म्हणूनच कंपनीने जाहीर केले, ते वाचायला दिल्याने तिचे काय बुडते? तरीही पीडीएफपेक्षा बीएसई किंवा एनएसईवरची लिंक पाठवलेली बरी, आणि याचे कारण कायद्याचे नाही. फिरणाऱ्या पीडीएफचे पान गळू शकते, जुन्या तिमाहीची प्रत नव्याच्या नावाने जाऊ शकते, आणि कंपनीने नंतर दुरुस्त प्रत दाखल केली तर आधीची प्रत गटात तशीच भटकत राहते.

खरी अडचण दुसरीकडे आहे. ऑडिओ 24 तासांत, ट्रान्स्क्रिप्ट पाच कामकाजाच्या दिवसांत. मधल्या दिवसांत गटांवर राज्य करतात ती टिपणे आणि हल्ली यंत्राने काढलेले सारांश. आपल्या उच्चारांचे इंग्रजी, मधेच हिंदी किंवा गुजरातीत शिरणारे प्रवर्तक, तुटणारी लाइन. यात ‘फिफ्टीन’चे ‘फिफ्टी’ व्हायला वेळ लागत नाही. ‘पुढच्या दोन वर्षांत करू शकू’चे ‘पुढच्या वर्षी करणार’ होते. आणि ते फॉरवर्ड होता होता गाइडन्स, म्हणजे व्यवस्थापनाने स्वतः दिलेला पुढचा अंदाज, बनते. व्यवस्थापन जे बोललेच नाही त्यावर व्यवस्थापनाला खोटे पाडणारेही मग त्याच गटात भेटतात.

ट्रान्स्क्रिप्ट आल्यावरही ती अंतिम समजू नये. ती कंपनीच तयार करवून घेते आणि दाखल करते. वाचनीयतेसाठी संपादन केले आहे, ही शब्दशः नोंद असेलच असे नाही, अशी तळटीप कित्येकांवर असते. बहुतेक वेळा हे संपादन निरुपद्रवी असते, ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढलेले. पण प्रश्न टोकदार होता आणि उत्तर फारच नेटके दिसते आहे असे वाटले तर ऑडिओमध्ये तेवढीच दोन मिनिटे ऐकावीत. उत्तराआधी किती वेळ शांतता होती, सीएफओ (वित्तप्रमुख) बोलू लागल्यावर एमडी (व्यवस्थापकीय संचालक) मधे पडले का, हे कागदावर उतरत नाही. गटात भर घालायची इच्छा असलेल्याने अख्खी पीडीएफ पाठवण्यापेक्षा ‘चौतिसाव्या मिनिटाला खेळत्या भांडवलाचा प्रश्न ऐका’ एवढे लिहिले तरी पुष्कळ.

आणखी एक घोटाळा सतत होतो, तोही मोकळा करू. जाहीर झालेल्या कॉलची ट्रान्स्क्रिप्ट पाठवणे आणि जाहीर व्हायच्या आधीचे आकडे पाठवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये रॉयटर्सने वृत्त दिले की किमान 12 भारतीय कंपन्यांचे निकाल जाहीर होण्याआधी त्यांच्याशी मिळतेजुळते आकडे खासगी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरले होते. सेबीने तपास केला, काहींना दंड ठोठावला. मार्च 2021 मध्ये सेबीच्या आदेशांवरची अपिले ऐकणाऱ्या सिक्युरिटीज अपिलेट ट्रिब्युनलने ते आदेश रद्द केले आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही सेबीचे अपील टिकले नाही. संदेश पुढे पाठवणाऱ्याला ती आतली माहिती असल्याचे ठाऊक होते, हे सिद्ध झाले नाही. सुटका झाली हे खरे, पण त्याआधी तपास, नोटिसा आणि फोनची जप्ती या सगळ्यातून ती माणसे गेली. निकालाच्या आदल्या संध्याकाळी ‘पक्की खबर’ पुढे ढकलणाऱ्यांनी फक्त शेवटची ओळ वाचून निर्धास्त होऊ नये.

जे अजून बंद आहे

सेबीचा नियम कंपनीला कॉल ठेवायला सांगत नाही. ठेवला तर रेकॉर्डिंग द्या, एवढेच सांगतो. त्यामुळे तिमाही वाईट गेली की ‘या वेळी कॉल नाही’ म्हणणाऱ्या छोट्या कंपन्या दिसतात, आणि माझ्या लेखी ती गैरहजेरीही वाचण्याजोगी असते.

प्रश्न विचारण्याच्या रांगेतही समता नाही. ब्रोकरेजचे विश्लेषक आधी येतात, नावापुढे ‘इंडिव्हिज्युअल इन्व्हेस्टर’ लिहिलेला माणूस शेवटी, आणि तेवढ्यात ‘वेळेअभावी हा शेवटचा प्रश्न’ अशी घोषणा होते. 2 मे 2018 च्या टेस्लाच्या कॉलवर इलॉन मस्क यांनी विश्लेषकांचे प्रश्न कंटाळवाणे म्हणून उडवून लावले आणि यूट्यूबवर व्हिडिओ करणाऱ्या एका तरुण रिटेल गुंतवणूकदाराला भरपूर वेळ दिला. रिटेलवाल्यांना आनंद झाला, दुसऱ्या दिवशी शेअर पाच टक्क्यांहून जास्त पडला. विश्लेषकांनी विचारलेले भांडवली खर्चाचे प्रश्न कंटाळवाणे असतील, पण उत्तर त्यांचेच हवे होते. तेव्हा प्रश्न कोण विचारतो यावर मी फार रुसत नाही. उत्तर सर्वांना ऐकू आले म्हणजे झाले.

रुसायचेच असेल तर एकाच बाबीवर. सेबीच्या व्याख्येत ‘मीट’ म्हणजे समूह बैठक किंवा समूह कॉल. फंड मॅनेजर आणि एमडी दोघेच नरिमन पॉइंटच्या एखाद्या हॉटेलात तासभर बसले, तर त्या भेटीचे रेकॉर्डिंग जाहीर करण्याचे बंधन नाही. 2023 च्या दुरुस्तीनंतर बैठकांच्या वेळापत्रकात भेटणाऱ्यांची नावे देणेही ऐच्छिक झाले. या भेटीत अप्रकाशित संवेदनशील माहिती, म्हणजे जाहीर न झालेली आणि भाव हलवू शकेल अशी माहिती, द्यायची नाही हे बंधन कायम आहे, पण ते पाळले की नाही हे तपासायला बाहेरच्या माणसाच्या हाती ना ऑडिओ असतो, ना ट्रान्स्क्रिप्ट. निकालानंतर आठ-पंधरा दिवसांनी, कोणतीही बातमी नसताना एखादा शेअर हलू लागला की जुने लोक बाजाराच्या घोषणांमध्ये ‘इन्व्हेस्टर मीट’ची सूचना शोधतात, ती याचसाठी. सूचना सापडते. तिच्यात तारीख असते, ठिकाण असते आणि ‘अप्रकाशित संवेदनशील माहितीवर चर्चा होणार नाही’ असे एक वाक्य असते.